माझ्या पेशींनी केलेलं परक्याचं काम

आधी क्षमा मागतो. हे लिहायचा मला काही अधिकार आहे असं मला मनापासून वाटत नाही. मी डॉक्टर नाही, आणि लेखक तर नाहीच. बडोद्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. शाळा गुजराती माध्यमाची होती, त्यामुळे माझी मराठी घरात बोलण्यापुरती आणि आई वाचते त्या मासिकांपुरती. कुठे वाक्य वाकडं झालं तर सांभाळून घ्या.

लिहितोय ते हेमाबेनमुळे. त्या सरकारी दवाखान्यातल्या आमच्या उपचार केंद्रातल्या समुपदेशक. एकदा म्हणाल्या, "बाहेरच्या बाकावर रोज कोणीतरी नवीन येऊन बसतो. त्याच्या हातात द्यायला माझ्याकडे फक्त छापील सूचना आहेत. पहिल्या दिवशी तुला जे वाचायला हवं होतं, ते तू लिही." म्हणून लिहितो. नावं खरी नाहीत, बाकी सगळं खरं आहे.

तो दिवस

नवरात्रीच्या आधीपासून मला ताप येत होता. यायचा, जायचा. तोंडात पांढरे चट्टे आले, घास उतरेना. बाबा गोरव्यात एका छोट्या कारखान्यात लेथ चालवतात. त्यांचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते, आणि तेवढ्या जोरावर आमच्या घरात कोणी आजारी पडायचं नाही असा नियम आहे. आई म्हणते, "फौज कधीच संपली. आता फक्त लेथ उरलाय." पण मला जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा नियम बाबांनीच मोडला. मला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला. भरती केलं. बऱ्याच तपासण्यांसाठी रक्त घेतलं. त्यातल्या एका तपासणीसाठी माझी वेगळी परवानगी विचारली. मी हो म्हटलं आणि विसरून गेलो.

मग एका सकाळी सलाइन काढून मला खालच्या मजल्यावर एका लहान खोलीत नेलं. तिथे हेमाबेन बसल्या होत्या. मला वाटलं, या फी किंवा आधार कार्डाबद्दल काही विचारतील.

"बेस, दीकरा," त्या समोरच्या खुर्चीकडे हात करत म्हणाल्या. "काय शिकतोस?"

"मायक्रोबायोलॉजी."

"तो तो तने वधारे बीक लागशे." म्हणजे मग तुला जास्त भीती वाटणार.

त्यांनी सांगितलं. एच.आय.व्ही. आहे. लपवून नाही, घाईने नाही, आवाज खाली करूनही नाही. न्यूमोनिया आहे असं सांगावं तसंच सांगितलं. मला त्यांचं पुढचं अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही. एवढंच आठवतं की मी विचारलं, "माझ्या आईला एका ताटात जेवलेलं चालेल का?" आणि त्या म्हणाल्या, "चालेल. एका ताटात, एका ग्लासात, एका रिक्षात. मिठी मारलीस तरी चालेल. दाढीचं ब्लेड तेवढं स्वतःचं वापर, ते तसंही स्वतःचंच असावं."

हा विषाणू माझ्यात कसा आला, ते मी इथे लिहिणार नाही. हेमाबेननी तो प्रश्न विचारला तेव्हा आधी सांगितलं, "उत्तर द्यायचं तुझ्यावर बंधन नाही." बाबांनी एकदाच विचारलं. मी उत्तर दिलं. ते आम्हा तिघांत आहे. तुम्ही बाकावर बसून हे वाचत असाल तर तुमचं उत्तरही तुमच्याच जवळ राहू द्या, त्याने उपचारात काही फरक पडत नाही.

वॉर्डातले दिवस

वॉर्डात दिवस आवाजांवरून कळतो. आधी झाडू, मग चहाची गाडी, मग सिस्टरची ट्रॉली, मग राउंड. राउंडच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि सगळे पेशंट एकदम शहाण्या मुलांसारखे सरळ होऊन बसतात. मीही बसायचो.

आई दुपारी डबा घेऊन यायची. बाबा पाळी संपवून यायचे. कपड्यांना कारखान्यातल्या तेलाचा वास असायचा. वॉर्डाच्या दारातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, मग आत यायचे आणि माझ्या पायाशी बसायचे. पहिले काही दिवस आमच्यात बोलणंच झालं नाही. ते माझ्या पायाचा अंगठा धरून बसायचे, जसं मशीन चालू असताना वर हात ठेवून कंप बघतात तसे. शेजारी विचारायचे तेव्हा ते "न्यूमोनिया आहे" म्हणायचे. ते खोटं नव्हतं, पण सांगताना त्यांची मान खाली जायची, आणि ते मला तापापेक्षा जड वाटायचं.

वॉर्डातली आया मंजुमासी रोज माझ्या खाटेशी उगीच थोडा वेळ थांबायची आणि म्हणायची, "हा मराठीचा मुलगा काही बोलत नाही. घरी पण असाच का?" आई म्हणायची, "घरी बोलतो. फक्त पुस्तकातलं बोलतो."

ते मात्र खरं आहे. भीती वाटली की मी अभ्यास करतो. मला दुसरं काही येत नाही.

ज्याच्याकडे यंत्रच नाही

रेट्रोव्हायरस मला अभ्यासक्रमात होता. परीक्षेसाठी आकृती पाठ केली होती, बाण कुठून कुठे जातो तेवढं. वॉर्डात मोबाइलवर तो धडा पुन्हा वाचला तेव्हा पहिल्यांदा कळला. असं म्हणणं बरं दिसणार नाही, पण वाचताना माझ्या तोंडून "वाह" निघून गेलं.

या विषाणूकडे प्रथिनं बनवायचं एकही यंत्र नाही. तो येतो तेव्हा त्याच्याजवळ असतो फक्त एक लहानसा लिहिलेला संदेश आणि दोन-तीन हत्यारं. आपल्या पेशीत शिरल्यावर तो त्या संदेशाची उलटी नक्कल करतो आणि ती नक्कल आपल्याच डी.एन.ए.मध्ये चिकटवून टाकतो. बस्स. पुढचं सगळं आपली पेशी करते. ती आपलंच समजून ते वाचते, त्याची प्रत काढते, ती प्रत बाहेर रायबोसोमकडे पाठवते, आणि रायबोसोम एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिनाची साखळी विणत जातो.

हे मी बाबांना सांगितलं. पायाशी बसून त्यांना काहीतरी ऐकायला हवं होतं, आणि मला काहीतरी बोलायला.

"थांब," ते म्हणाले. "म्हणजे जॉबवर्क."

त्यांच्या कारखान्यात असंच चालतं. बाहेरची पार्टी ड्रॉइंग पाठवते आणि पार्ट इथे बनतो.

"हो. पण इथे पार्टी पैसे देत नाही."

"मशीन आपलं?"

"आपलं."

"लाइट आपली, माल आपला, ऑपरेटर आपला?"

"सगळं आपलं. फक्त ड्रॉइंग परकं."

"आणि ऑपरेटरला कळत नाही?"

"त्याला ड्रॉइंग वाचता येतं बाबा. कोणाचं आहे ते त्यावर लिहिलेलं नसतं."

बाबांनी माझा अंगठा पुन्हा धरला. मग म्हणाले, "म्हणजे तुझं मशीन खराब नाही."

"नाही. उलट फार चांगलं आहे. म्हणून तर तो इथे येतो."

त्या दिवशी बाबा पहिल्यांदा मान वर करून वॉर्डातून गेले. मुलात काही मोडलेलं नाही, हे त्यांना ऐकायचं होतं असं मला वाटतं.

मग मी रोज थोडं थोडं सांगत गेलो. की विषाणू वेगवेगळी प्रथिनं वेगवेगळी बनवून घेत नाही, एक लांब साखळी बनवून घेतो आणि नंतर तिचे तुकडे पाडतो. बाबा म्हणाले, आम्हीही एका सळईवर सलग पार्ट काढतो आणि मग कापतो, त्यात वेळ वाचतो. की त्या संदेशात एका ठिकाणी अशी अक्षरं आहेत की रायबोसोम तिथे कधी कधी एक अक्षर मागे घसरतो. घसरला की 'थांबा' ही खूण त्याला दिसत नाही, तो पुढे वाचत जातो आणि जास्त लांब साखळी बनते. त्या लांब साखळीत विषाणूची हत्यारं असतात. हत्यारं थोडी लागतात आणि विटा, म्हणजे त्याचं कवच बांधणारी प्रथिनं, पुष्कळ लागतात, म्हणून घसरणं क्वचितच होतं. आपल्या यंत्राची घसरण किती व्हावी, हेसुद्धा त्याने ठरवून लिहिलेलं आहे. शिवाय त्याच्या बाहेरच्या प्रथिनावर आपलीच पेशी साखरेचा मुलामा चढवते, म्हणून पहारेकरी पेशींना तो सहज ओळखू येत नाही.

"हुशार आहे मेला," आई डबा उघडताना म्हणाली. मग तिने विचारलं, "आणि तो माल माल म्हणतोस, तो कुठून येतो?"

"आपण खातो त्यातूनच. डाळ, दूध, अंडी. शरीर ती प्रथिनं तोडतं आणि त्याच तुकड्यांतून नवीन बनवतं. आपलीही आणि त्याचीही."

आई "बरं" म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. मला तेव्हा त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

गोळी

घरी आलो. रोज एक गोळी सुरू झाली. तिच्यात जी औषधं आहेत त्यांतली काही उलटी नक्कल होऊ देत नाहीत, आणि एक त्या नकलेला आपल्या डी.एन.ए.त चिकटू देत नाही. ज्या पेशींत ती आधीच चिकटली आहे तिथून औषध ती उपटू शकत नाही, म्हणून गोळी जन्मभर. केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी हे सांगताना म्हटलं, "कंटाळा येईल. कंटाळ्याची तयारी ठेव. भीती आपोआप कमी होते, कंटाळा होत नाही." हे मला नंतर फार उपयोगी पडलं.

केंद्रात गोळ्या घ्यायला जायचो तेव्हा सावली गावचे एक काका भेटायचे. शेती करतात. पुष्कळ वर्षांपासून गोळी घेतात. ते म्हणाले, "गोळी खावानी ने कामे जवानुं. गोळी खायची आणि कामाला जायचं. जास्त विचार करायचा नाही. विचार करायला सरकारने डॉक्टर ठेवलेत." हिवाळ्यात त्यांनी मला स्वतःच्या शेतातल्या तुरीच्या शेंगांची पिशवी दिली. मी खूश होऊन घरी आणली. आईने ती पिशवी तशीच खालच्या मजल्यावरच्या काकूंना देऊन टाकली.

"अगं, मला दिल्या होत्या."

"तुला पचायच्या नाहीत," ती म्हणाली.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आमच्याकडे दरवर्षी उंधियूची मिश्र भाजी असते. या वेळी त्यात वालपापडी नव्हती, तुरीचे दाणे नव्हते, फक्त बटाटा, रताळं आणि कंद. चिक्की केलीच नाही. बाबा एरवी मीठ जरा कमी पडलं तरी बोलतात, त्या दिवशी मुकाट्याने जेवले. मला वाटलं, माझ्या पथ्यासाठी साधं केलं असेल. तसं पाहिलं तर बऱ्याच दिवसांपासून ताटात भात, दुधी, बटाटा आणि ताकाचं पाणी एवढंच असायचं. आई-बाबाही तेच खायचे. मला भूक बेताचीच होती, मी कधी विचारलं नाही. गच्चीवर दुसऱ्याच्या पतंगाची फिरकी धरून उभा राहिलो तरी हात भरून यायचे, एवढं मात्र जाणवत होतं.

काटा

पुढच्या भेटीत वजन घटलेलं निघालं. त्याच्या पुढच्या भेटीत आणखी.

डॉक्टर मॅडम कागद बघत म्हणाल्या, "गोळी चुकवतोस?"

"नाही मॅडम."

"रोज घेतोस?"

"रोज."

"खरं सांग. रागावणार नाही."

मी खरंच सांगत होतो, पण माझा आवाज खोटं बोलणाऱ्यासारखा येत होता. त्या म्हणाल्या, "वजन वाढायला हवं होतं. आपण व्हायरल लोड करू. रक्तात विषाणू किती उरलाय ते कळेल. जास्त आला तर याचा अर्थ औषध लागू पडत नाही, मग बदलावं लागेल."

औषध लागू पडेनासं कसं होतं ते मला माहीत होतं. कारण मी वाचलं होतं. उलटी नक्कल करणारं त्याचं हत्यार भयंकर निष्काळजी असतं. नक्कल करताना चुका करतं आणि परत तपासत नाही. आपली पेशी प्रत्येक नक्कल तपासते, दुरुस्त करते. त्याचं मात्र चुकांवरच चालतं, कारण त्या हजारो चुकांतली एखादी अशी निघते की औषध तिला ओळखतच नाही. एवढी मोठी शक्ती एवढ्या गबाळेपणातून यावी, याचं मला वर्गात नवल वाटलं असतं. त्या खुर्चीत नुसती भीती वाटली. ती चूक माझ्या रक्तात झाली असेल का, एवढाच प्रश्न उरला.

रक्त घेतलं. बाहेर हेमाबेननी आईला थांबवलं. त्या गोळ्यांबद्दल बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बेन, घरी काय जेवतो हा?"

आईने सांगितलं. न लाजता सांगितलं, उलट जरा अभिमानाने. "डाळ बंद केलीय. दूध, अंडं, शेंगदाणे, कडधान्य, सगळं बंद. आम्ही दोघांनी पण सोडलं, म्हणजे घरात वासच नको. त्याला मालच मिळता कामा नये ने."

"कोणाला?"

"त्या विषाणूला."

बाबा बाजूला उभे होते. ते म्हणाले, "माल नसला की जॉब बंद पडतो. आमच्याकडे पण असंच असतं."

हेमाबेन हसल्या नाहीत. याचं मला आजही कौतुक आहे. त्यांनी फक्त विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा शिकतो ना कॉलेजात."

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. सावलीचे काका म्हणाले, "भाई, तूर तर मी तुला दिली होती," आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आवरेना.

हेमाबेन आम्हाला आत घेऊन गेल्या. डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तू शिकवलंस, तूच दुरुस्त कर. इथेच, माझ्यासमोर."

इतका अवघड तोंडी पेपर मी कधी दिला नाही. मी आईला सांगितलं की शरीरात सतत आपलीच प्रथिनं बनत असतात, स्नायूंची, रक्ताची, केसांची, आणि त्याच्याशी लढणाऱ्या पेशींचीसुद्धा. परक्याचं काम त्यात फार थोडं. त्याला लागतो तेवढा माल तो उपाशी माणसाच्या अंगातूनही ओढून घेतो. माल बंद केला तर आधी आपलंच काम थांबतं. गोळी माल अडवत नाही, ती परकं ड्रॉइंग आत लागू देत नाही. म्हणून मालाची काळजी आपण करायची नाही, उलट भरपूर द्यायचा.

आई ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे मी पोराला उपाशी ठेवलं," ती म्हणाली.

"बेन," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "इथे येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी त्यांचं ताट वेगळं ठेवतात. तुमच्या घरात त्याच्यासाठी तिघांनी डाळ सोडली. चूक झाली, ती आज संध्याकाळी दुरुस्त होईल. पण असं घर मला औषधाच्या खिडकीवरून देता येत नाही."

आईने डोळे पुसले आणि विचारलं, "तुरीची चालेल की मुगाची?"

"दोन्ही," मॅडम म्हणाल्या.

मी तेव्हा आई-बाबांकडे बघत होतो. बाबांना पहिल्याच दिवशी कळलं होतं की यंत्र चांगलं आहे आणि ड्रॉइंग परकं आहे. आईने तर माझ्या त्या एका वाक्यावरून उपचार शोधून काढला, आणि तो आधी स्वतःवर लागू केला. इतकं मन लावून माझा धडा दुसरं कोणी ऐकला नसेल. चुकलं ते माझ्या सांगण्यात. मी एकच पान सांगितलं होतं.

वाट बघणं

घरी वरण आलं, अंडं आलं, बाबांची कुरकुर परत आली. वजन थोडं वाढलं. पण मला माहीत होतं की त्याने काही सिद्ध होत नाही. वजन जेवणाने गेलं होतं असं म्हणता येईल, किंवा औषध हरतंय म्हणून गेलं होतं असंही. ते रिपोर्टच सांगणार होता, आणि रिपोर्ट काही येत नव्हता. केंद्रात विचारलं की "अजून नाही" असं सांगायचे. शेवटी मी विचारणं सोडलं. गोळी वेळेवर घ्यायची, प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण करायची, एवढंच हातात ठेवलं. बाकावर वाट बघणाऱ्याला मी हेच सांगेन. यापेक्षा जास्त मला जमलं नाही.

गोळ्या घ्यायच्या दिवशीच नेमकी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा आली. हेमाबेनना विचारून आई एकटी केंद्रात गेली.

परीक्षा संपवून मी बाहेर आलो तर आई आमच्या विभागाच्या पायरीवर बसलेली. मांडीवर गोळ्यांची पिशवी. ती याआधी कधीच माझ्या कॉलेजात आली नव्हती. आजूबाजूने मुलं-मुली जात होती आणि ती पाय जवळ घेऊन, कोणाच्या वाटेत येणार नाही अशी बसली होती.

"तू इथवर कशी आलीस?"

"विचारत विचारत. सूक्ष्मजीव कुठे शिकवतात म्हटलं, एका मुलीने आणून सोडलं. चांगली आहे मुलगी."

"फोन करायचास."

"परीक्षेत कसा करू? आणि हे फोनवर नव्हतं सांगायचं." तिने मला खाली बसवलं. "कसा गेला पेपर?"

"आई, रिपोर्ट आला का?"

तिने पदर सारखा केला. हेमाबेननी तिच्याकडून म्हणवून घेतलं असणार, कारण ती वर्गात उत्तर द्यायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी एकेक शब्द तोलून बोलायला लागली.

"मशीनने शोधला. सापडत नाही. गेला असं समजायचं नाही. आहे, पण मशीनला सापडणार नाही इतका कमी आहे. औषध लागू पडलंय. तेच चालू ठेवायचं, बदलायचं नाही."

"परत सांग," मी म्हणालो.

तिने परत सांगितलं, एकही शब्द न बदलता.